तक्त्याची खालची ओळ

४ जानेवारी

थोरल्या,

आशीर्वाद तुझ्या मागे आहेतच, ते लिहून पाठवायची गरज नाही. म्हणून थेट कामाचं लिहितो. तू माझा फोन उचलत नाहीस. तुझी आई फोन घेऊन मोरीत जाते आणि नळ सोडून तुझ्याशी बोलते, हे मला नऊ वर्षं ठाऊक आहे. पाणी वाया जातं, एवढंच माझं म्हणणं. पत्र मात्र तुला फाडण्याआधी हातात तरी धरावं लागेल.

काम असं. तू चष्म्यांच्या कारखान्यात भिंगं घासतोस असं आईकडून कळलं. म्हणजे डोळे तपासायचा छापील तक्ता तुझ्या हाताशी असणार. तो मला हवा आहे. अक्षरांचा नको, फण्यांचा. तीन दात्यांची फणी कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे तोंड करून असते आणि पोराने तोंड कुठे ते हाताने दाखवायचं, तो. तुमच्या शाळेत ओवरीच्या भिंतीवर होता तसा. अजून आहे.

तो कशाला, ते सांगतो. तुझ्या बहिणीची मुलगी आता आठ वर्षांची झाली. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण ती पुस्तकाला नाक लावून ओळीवरून सरकत जाते. सगळे हसतात. मीही हसायचो, नाव मीच ठेवलं.

परवा तिच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "आजोबा, पोरगी उद्धट आहे. तिच्याकडे बोट दाखवून प्रश्न विचारला तरी ढिम्म बसते. उत्तर येत असूनही बसते." मी घरी येऊन मुंगीला धारेवर धरलं. ती म्हणाली, "बाई बोट दाखवतात ते कळतं हो. पण ते माझ्याकडे आहे की शेजारणीकडे, ते बाकीच्यांना कसं कळतं?"

ती तिसऱ्या बाकावर बसते, थोरल्या. विसाव्या नाही.

मी बाईंकडे परत गेलो, हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "डोळ्यांची तपासणी झालीये. ठीक आहेत." आणि मुंगीचं नाव मागच्या तुकडीच्या यादीत घातलंय. यादी दहा फेब्रुवारीला लागते. मागची तुकडी म्हणजे काय ते तुला सांगायला नको. तिथे गेलेलं पोर परत पुढे आलेलं या गावाने पाहिलेलं नाही.

छापील तक्ता पाठव. बाकी काही नको.

बाबा


१५ जानेवारी

थोरल्या,

तुझं उत्तर नाही. त्याची सवय आहे, पण पोस्टमनला रोज विचारून मी त्याला वीट आणलाय. आता तो लांबूनच मान हलवतो.

इकडची हकीकत ऐक. रविवारी शाळेच्या घंटावाल्याकडून किल्ली घेऊन मी मुंगीला ओवरीत नेलं. फरशीवरच्या रेघेवर उभं केलं. म्हटलं, खालची ओळ सांग. तिने सांगितली, उजवी, वर, खाली, खाली, डावी, वर. एक चूक नाही. मला बरं वाटलं. मग वाईट वाटलं, कारण मान वळवून पाहतो तर ती माझ्याकडे बघत होती, तक्त्याकडे नाही.

विचारलं, "पाठ आहे?" म्हणाली, "सगळ्यांनाच आहे." आणि तिथेच लंगडी घालून दाखवली. उजवी, वर, खाली, खाली, डावी, वर. तक्त्याशेजारी पाण्याचा नळ आहे, पोरं रांगेत उभी असतात, वेळ जात नाही, म्हणून त्यांनी त्याचा खेळ केलाय. सबंध शाळा त्या ओळीवर उड्या मारते. आणि कवायतीचे सर वर्षातून एकदा तीच ओळ विचारतात आणि वहीत 'ठीक' लिहितात.

मी मोठ्या बाईंकडे गेलो. त्या वाईट नाहीत, पण त्यांच्या टेबलावर इतके कागद आहेत की माणूस समोर बसला तर अर्धाच दिसतो. त्यांनी वही काढून दाखवली. पानामागून पान, 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. म्हणाल्या, "आमच्या शाळेत डोळ्यांचा त्रास नाहीच. वरून शाबासकीचं पत्रसुद्धा आलंय." मी म्हटलं, "बाई, एवढ्या पोरांत एकाचेही डोळे अधू नाहीत, हे तुम्हाला चमत्कारिक नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या तपासणीत बघू."

पुढच्या वर्षी. तोवर ती मागच्या तुकडीत कुजलेली असेल.

धाकटीला, मुंगीच्या आईला, सांगितलं तर ती माझ्यावरच उखडली. "बाबा, आत्तापासून चष्मा लावला की नंबर वाढतच जातो. शिवाय मुलीची जात." मी म्हटलं, "मुलीच्या जातीला फळा नको का दिसायला?" तुझी आई मध्ये पडली, म्हणाली, "तुम्ही दोघं आधी हळू बोला." आणि फोन घेऊन मोरीत गेली. तेव्हा हे सगळं तुला एव्हाना कळलं असेल.

भिंतीवर डोकं आपटावं तसं झालंय बघ. ज्याला सांगावं तो म्हणतो, तपासणी झाली आहे. तक्ता पाठव. नवा, कुणालाच पाठ नसलेला. म्हणजे यांच्या तोंडावर धरता येईल.

बाबा


२४ जानेवारी

थोरल्या,

तू पाठवलेली पुठ्ठ्याची नळी मिळाली. तक्ता आणि सुतळी, दोन्ही शाबूत आहेत. चिठ्ठी नव्हती. मी नळी तीनदा उलटी करून झटकली.

सुतळीच्या दोन टोकांना गाठी आहेत, सहा मीटर. म्हणजे इतक्या लांबून वाचायचं, हे समजलं. तुझी गाठ अजून तशीच आहे, डावीकडून फिरवलेली.

तक्ता मी भिंतीवरच्या तक्त्याशेजारी धरून पाहिला. वरची मोठी फणी जुळते. खालच्या ओळी जुळत नाहीत. तुझ्या तक्त्यात सगळ्यात खालची फणी माझ्या करंगळीच्या नखाएवढी आहे. भिंतीवरची अंगठ्याच्या पेराएवढी. तिप्पट मोठी.

जुना रंग थरावर थर चढून फुगतो, असं होतं कधी कधी. त्यानेही असेल.

आज एवढंच.

बाबा


२७ जानेवारी

थोरल्या,

रंग फुगत नाही. फुगला तरी तिप्पट होत नाही. गेल्या पत्रातलं ते वाक्य लिहून मी तीन दिवस जेवलो, पण चव लागली नाही.

ओवरीतला तक्ता मी काढला हे तुला ठाऊक आहे. कसा काढला ते ठाऊक नाही. बावीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या मोठ्या सरांनी मला एक चोपडी दिली, त्यात तक्त्याचं चित्र होतं आणि प्रत्येक ओळीसमोर माप. म्हणाले, भिंतीवर काढा. मी चौकोन आखले, वरच्या ओळी मापात काढल्या. खाली आलो तर त्या इवल्या फण्या. सगळ्यात बारीक कुंचल्यानेही त्यांचे ठिपके व्हायला लागले. शिडीवरून उतरून लांब जाऊन पाहिलं, काही कळेना. मी पाट्या रंगवणारा माणूस. कुणी शिकवलं नाही, रस्त्यावरच्या पाट्या बघून शिकलो, आणि एकच नियम जन्मभर पाळला: रस्त्याने चाललेल्या माणसाला वाचण्यासाठी थांबावं लागता कामा नये. ज्याला दिसत नाही त्यालाही दिसलं पाहिजे, तर ती पाटी.

म्हणून मी खालच्या ओळी मोठ्या केल्या. आपल्या बुद्धीने. चोपडीवाल्याला पाटीतलं काय कळतंय, असं मनात म्हणालो. सर म्हणाले, वा, किती सुबक. त्या वर्षी सगळी पोरं पास झाली. दर चार वर्षांनी मीच त्यावर रंगाचा हात फिरवला, त्याच मापावर.

आता तुझं.

तू अकरा वर्षांचा होतास. म्हणालास, "बाबा, फळ्यावरचं पुसट दिसतं." गणितात भोपळा आणला होतास, मला वाटलं निमित्त काढतोयस. रविवारी तुला ओवरीत नेलं, रेघेवर उभं केलं. तू डोळे बारीक करून खालची ओळ सगळी बरोबर सांगितलीस. मी तुझ्या कानाखाली दिली आणि म्हणालो, "डोळे ठणठणीत आहेत, नियत खोटी आहे."

ती ओळ तुला दिसली, कारण कुणालाही दिसावी म्हणूनच मी ती तशी काढली होती. तू खरं बोललास, दोन्ही वेळा. फळा दिसत नाही, हेही खरं, आणि ओळ दिसते, हेही.

पुढे मागची तुकडी, दोनदा नापास, शाळा सुटली. हे मला मोजत बसायचं नाही, तू मोजलं असशील. मग नऊ वर्षांपूर्वी तू चष्मा लावून घरी आलास. पानावर बसताना मी म्हणालो, "या साहेब, बुद्धी नाकावर बसवून आणलीत का?" तू पानावरून उठून गेलास. तुझ्या आईने ते ताट संध्याकाळपर्यंत उचललं नाही. मला वाटलं, थट्टा सहन होत नाही या पोराला. डोळे मागाहून बिघडले असतील, असं मी स्वतःला सांगितलं आणि नऊ वर्षं तेच धरून बसलो.

माफी हा शब्द मला नीट लिहिता येत नाही. काम करून दाखवतो.

बाबा


६ फेब्रुवारी

थोरल्या,

मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मापं दाखवली. वाटलं, त्या ताडकन उठतील. त्या खुर्चीत आणखी खाली गेल्या. म्हणाल्या, "काका, तक्ता चुकीचा म्हणजे बावीस वर्षांच्या वह्या चुकीच्या. हे वर कळवायचं कुणी? तुम्ही आता हे बाहेर काढू नका. नवा तक्ता पुढच्या वर्षी लावू."

माझ्या डोक्यावरून पाणी गेलं. रविवारी सकाळी घंटावाल्याकडून किल्ली घेतली, पांढऱ्या रंगाचा डबा नेला, आणि सगळा तक्ता पुसून टाकला. दोन हात दिले. घंटावाला शिडी धरून उभा होता, म्हणाला, "अहो, हा तर तुमचा सगळ्यात नावाजलेला." मी म्हटलं, "म्हणूनच आधी हा."

सोमवारी बोलावणं आलं. मोठ्या बाई कधी नव्हे त्या कागदांच्या वर दिसत होत्या. "भिंत कुणाला विचारून पुसलीत?"

"बावीस वर्षांपूर्वी खालची ओळ मोठी केली तेव्हाही कुणाला विचारलं नव्हतं. तेव्हा कुणी रागावलं नाही."

"आता पोरांची तपासणी कशी करायची?"

मी नळीतून तुझा तक्ता काढला आणि भिंतीला लावला. सुतळी धरली. म्हटलं, "आधी एका मोठ्या माणसाची करू." कवायतीचे सर शिट्टी गळ्यात अडकवून दारात मजा बघत उभे होते. त्यांना सुतळीच्या टोकाला उभं केलं. वरच्या चार ओळी झटपट झाल्या. पाचवीला ते पुढे वाकले. सहावीला म्हणाले, "उजेड कमी आहे." बाहेर ऊन रणरणत होतं. मोठ्या बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. सर म्हणाले, "बाई, मी स्कूटर चालवतो." मग म्हणाले, "मागची तुकडी आज खेळाच्या तासाला माझ्याकडेच आहे."

मागच्या तुकडीत सव्वीस पोरं आहेत. अकरांना खालच्या ओळी दिसत नाहीत. अकरा. त्यातल्या एकाला तर दुसरीच ओळ दिसली नाही. सरांनी विचारलं, "अरे, मग आजवर सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "तुम्ही तर 'ठीक' लिहिलंत." सर शिट्टीशी चाळा करत राहिले.

मुंगीच्या वर्गात चौतीसपैकी सहा. त्यात मुंगी.

मोठ्या बाईंनी यादी थांबवली. माझ्या बोलण्याने नव्हे, त्या सव्वीसांतल्या अकरांनी. पण थांबवली ती फक्त पंचवीस तारखेपर्यंत. त्या म्हणतात, चष्मा लागून पोरगी फळ्यावरचं वाचून दाखवू दे, मग नाव काढते.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी नंबर काढून दिला. उजवा उणे पावणेदोन, डावा उणे दोन. कागद या पत्रात आहे, चेहऱ्याचं मापही. इथला चष्मेवाला म्हणतो, लहान पोरांची फ्रेम मागवावी लागेल, तीन आठवडे. म्हणजे यादी लागून जाईल.

मी तुला एका कामासाठी पत्र लिहिलं होतं, हे दुसरं झालं. नाही म्हणायचा तुला हक्क आहे. पण मला नाही म्हण, तिला नको.

बाबा


२६ फेब्रुवारी

थोरल्या,

डबी अठराला आली. आत चष्मा, पुसायचं फडकं आणि चिठ्ठी. 'नाकावर सैल झाला तर पाठवा.' अक्षर अजून मोठंच काढतोस. लहानपणी त्यासाठी तुझ्या वह्या मी भिरकावल्या होत्या. एवढी पाच शब्दांची चिठ्ठी, पण मी ती दुकानात कुंचल्यांच्या डब्यामागे लावून ठेवली आहे.

मुंगीने चष्मा घातला आणि पहिल्यांदा तुझ्या आईकडे पाहून म्हणाली, "आजी, तुझ्या मानेवर तीळ आहे." तुझी आई लाजली. मग माझ्या दुकानाच्या पाटीकडे बघून म्हणाली, "आजोबा, ही रेघ वाकडी आहे." तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. मी खुर्चीवर चढून पाहिलं. आहे वाकडी.

शाळेतून आल्यावर सांगते, "बाईंना भुवया आहेत. आणि त्या माझ्याकडे बघतात तेव्हा मला कळतं." काल फळ्यावरचं सगळं तिने वाचून दाखवलं. यादी लागली, तिचं नाव नाही.

पण सगळं सरळ झालं असं समजू नकोस. त्या अकरांपैकी चौघांचेच चष्मे आलेत. एकाचे वडील म्हणतात, पोरगं नाटक करतंय. मी त्यांच्या दारात जाऊन बसलो, त्यांनी मला चहा दिला आणि पोराला चष्मा दिला नाही. मी उद्या परत जाणार आहे. धाकटी अजून पाहुणे आले की मुंगीचा चष्मा काढून ठेवते. आणि बावीस वर्षांत त्या रेघेवरून पुढे गेलेली बाकीची पोरं कुठे आहेत, कुणाला काय काय ऐकावं लागलं असेल, याचा विचार आला की हातातला कुंचला तसाच राहतो. त्यांच्या दारात जाऊन बसायला मला त्यांची दारंही माहीत नाहीत. एक माहीत आहे.

मोठ्या बाईंनी ओवरीत नवा तक्ता काढायला सांगितलं. मी म्हटलं, भिंतीवर नको, पुन्हा उड्या मारतील. चार फळ्या केल्या, चारही वेगळ्या, सर दरवेळी बदलून टांगतील. मापं तुझ्या तक्त्याची, पट्टी लावून, केसभरही इकडेतिकडे नाही. खालच्या ओळीसाठी तीन केसांचा कुंचला बनवला. ती ओळ दिसायला बिलकूल सुबक नाही.

फळी वाळल्यावर टांगली आणि तुझी सुतळी धरून मी स्वतः टोकाला उभा राहिलो. खालच्या तीन ओळी मला दिसत नाहीत, थोरल्या. मीच काढल्यात, तोंडं कुठे आहेत ते मला पाठ आहे, म्हणून दाखवता आलं असतं. मुंगी फळीशेजारी छडी घेऊन उभी होती. म्हणाली, "आजोबा, सांगा." मी म्हटलं, "दिसत नाही." तिने वहीत तसं लिहून घेतलं. कानाखाली दिली नाही.

माझा नंबर काढून आणलाय. कागद पाठवत नाही. तुझ्या हाताचा चष्मा हवा तर माझ्या चेहऱ्याचं माप तुला समोर बसूनच घ्यावं लागेल, माझं नाक जरा वाकडं आहे, ते तुला ठाऊक आहे. आलास तर सुतळीच्या टोकाला एकदा तूही उभा राहा, चष्मा काढून. जे दिसेल ते सांग, दिसणार नाही ते दिसत नाही म्हण. वही मी धरीन आणि तू सांगशील तेच लिहीन.

बाबा